गेम कन्सोल संगणकाची जागा घेऊ शकतो का?

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. घरात पैसे एकाच यंत्रापुरते आहेत, टीव्ही आधीच आहे, मूल अकरावी-बारावीत आहे. मग गेम कन्सोल घेतला तर खेळणंही होईल आणि अभ्यासाचं कामही होईल, असं जमेल का? दुकानात कन्सोलच्या खोक्यावरचे आकडे वाचले की हा विचार मनात येणारच. कारण ते आकडे एखाद्या चांगल्या संगणकाला शोभतील असेच असतात.

आपण हा प्रश्न तीन भागांत तोडून बघू. पहिला भाग: कन्सोलच्या पोटात जे आहे त्यात संगणक होण्याची ताकद आहे का? दुसरा: त्यावर आपल्याला हवी ती कामं प्रत्यक्षात करता येतात का? आणि तिसरा: त्या यंत्रावर काय चालायचं हे ठरवतं कोण? बहुतेक चर्चा पहिल्या भागातच अडकून पडते. खरं उत्तर तिसऱ्यात आहे.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ 'हो' असं आहे, आणि ते आजचं नाही. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल जपानमध्ये १९८३ साली आला. फॅमिकॉम हे 'फॅमिली कॉम्प्युटर'चंच लघुरूप. त्यातला प्रोसेसर ६५०२ या चिपच्या घराण्यातला होता, आणि हीच ६५०२ चिप ॲपल २ या त्या काळच्या गाजलेल्या घरगुती संगणकातही होती. २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा पेन्टियम ३ वर्गातला प्रोसेसर, ६४ मेगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्क होती; म्हणजे तो जवळपास पीसीच होता. २०२० साली आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या. दोन्हींत एएमडीचा ८ कोअरचा प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट मेमरी आहे. याच कंपनीचे याच पिढीचे प्रोसेसर लॅपटॉपमध्येही बसवलेले असतात. तेव्हा कन्सोल हा संगणक आहे का, असं कुणी विचारलं तर तो आहेच. वाद तिथे नाही.

आता दुसरा भाग. ताकद आहे, मग कीबोर्ड जोडला, टाइप करायची सोय दिली, की झाला संगणक! हा विचार कन्सोल बनवणाऱ्यांनाही सुचला होता, आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला.

१९८०च्या आसपास मॅटेल कंपनीने आपल्या इन्टेलिव्हिजन कन्सोलला कीबोर्डचा जोड देऊ, म्हणजे त्याचा पूर्ण संगणक होईल, असं सांगितलं होतं. तो जोड इतका लांबला की अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने त्यात लक्ष घातलं, आणि शेवटी थोडेसेच नग लोकांपर्यंत पोचले. कोलेको कंपनीने १९८३ मध्ये ॲडम आणला. कोलेकोव्हिजन कन्सोल घरात असेल तर त्याला जोडून संगणक करायचा, अशी त्याची एक आवृत्ती होती. सोबत प्रिंटरही मिळायचा. पण वीजपुरवठ्याचा भाग त्या प्रिंटरमध्येच बसवलेला. म्हणजे प्रिंटर बिघडला की सगळंच बंद. शिवाय यंत्र चालू करताना निघणाऱ्या विद्युतचुंबकीय झटक्याने आत राहिलेल्या टेपवरची माहिती पुसली जाऊ शकायची. १९८५च्या सुरुवातीलाच ॲडम बंद झाला. फॅमिकॉमसाठी १९८४ मध्ये 'फॅमिली बेसिक' आलं. कीबोर्ड होता, बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिता यायचे, ते कॅसेटवर साठवता यायचे. पण सुरुवातीच्या आवृत्तीत लिहायला जागा होती जेमतेम २ किलोबाइट. आपल्या आजच्या भाषणातले पहिले दोन-तीन परिच्छेदही त्यात मावले नसते.

ही सगळी उदाहरणं जुन्या काळातली, तेव्हा सगळंच महाग आणि तोकडं होतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून आपण यातला सगळ्यात तगडा प्रयत्न बघू. तो सोनीने केला.

प्लेस्टेशन २ साठी सोनीने २००२ च्या सुमारास लिनक्सचा संच विकला. त्यात कीबोर्ड, माउस, ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि नेटवर्कची जोडणी होती. याच सुमाराला युरोपात एक गमतीचा खटलाही चालला. प्लेस्टेशन २ हे जकातीच्या हिशेबात खेळणं धरायचं की संगणक? संगणकावर आयातकर नव्हता, खेळाच्या यंत्रावर होता. युरोपातल्या यंत्रांसोबत बेसिक भाषेचा छोटासा प्रोग्रॅम दिला जात असे, तो याच कारणासाठी, असं तेव्हापासून बोललं जातं. म्हणजे 'कन्सोल हा संगणक आहे का' हा प्रश्न एकदा कोर्टाच्या पायरीवरही जाऊन आला आहे.

२००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं, आणि त्यात 'अदर ओएस' नावाची सोय अंगचीच होती. मेनूतून हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढायचा, त्यावर लिनक्स टाकायचं, आणि यंत्र हवं तेव्हा संगणक म्हणून चालू करायचं. कुलूप तोडायची गरज नाही, चोरून काही करायची गरज नाही. कंपनीनेच दिलेला दरवाजा.

मग तो घरातला संगणक झाला का? इथे एक बारीक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य भाग आणि त्याच्या हाताखाली गणितं करणारे छोटे भाग होते. त्या प्रत्येक छोट्या भागाकडे स्वतःची फक्त २५६ किलोबाइट मेमरी. एकाच प्रकारचं गणित लाखो वेळा करायचं असेल तर ही रचना उत्तम. पण पत्र लिहिणं, इंटरनेट बघणं, एका वेळी चार खिडक्या उघडणं, या कामांचं तसं नसतं; ती मुख्य भागावरच पडतात. मुख्य मेमरी होती २५६ मेगाबाइट. त्यात ग्राफिक्सच्या चिपची ताकद लिनक्सला वापरू दिलेली नव्हती. त्यामुळे घरगुती कामासाठी हा संगणक रेंगाळायचा.

पण गणितासाठी? तिथे तर कमाल झाली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञांनी प्लेस्टेशन ३ यंत्रं एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं केली. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या गावी १,७६० प्लेस्टेशन ३ एकत्र बांधून 'कॉन्डर क्लस्टर' नावाचा महासंगणक उभा केला. सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी गणिती क्रिया, आणि खर्च साधारण २० लाख डॉलर. रूढ पद्धतीच्या महासंगणकाच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ होता.

आणि नेमक्या याच काळात दरवाजा बंद झाला. २००९ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या सडपातळ आवृत्तीतून सोनीने 'अदर ओएस' काढून टाकलं. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने ती सोय जुन्या, आधीच विकलेल्या यंत्रांतूनही गेली. कारण सुरक्षिततेचं दिलं गेलं; त्याआधी काही महिने एका तरुण हॅकरने याच वाटेने यंत्राच्या संरक्षणाला भोक पाडल्याचं जाहीर केलं होतं. अपडेट घेणं सक्तीचं नव्हतं. पण घेतलं नाही तर ऑनलाइन खेळणं बंद, आणि नव्या अपडेटची गरज असलेले खेळही बंद. म्हणजे लिनक्स ठेवा किंवा खेळ ठेवा. खोक्यावर वाचून, पैसे मोजून घेतलेल्या दोन गोष्टींपैकी एक परत करा, असाच त्याचा अर्थ. ग्राहक कोर्टात गेले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. सोय मात्र परत आली नाही. ज्यांनी गणितासाठी यंत्रं जोडली होती त्यांनी अपडेट घेतलंच नाही, त्यामुळे त्यांचं काम चालू राहिलं. पण एखादं यंत्र बिघडलं तर त्याच्या जागी बाजारातून नवं आणून उपयोग नव्हता.

इथे आपण तिसऱ्या भागाशी येऊन पोचलो. यंत्रावर काय चालायचं हे ठरवतं कोण?

कन्सोल चालू होतो तेव्हा पहिली पायरी दुसऱ्या पायरीची डिजिटल सही तपासते, दुसरी तिसरीची, असं शेवटच्या खेळापर्यंत चालतं. कंपनीची सही नसेल तो प्रोग्रॅम कन्सोल चालवतच नाही. पीसीवर असली तपासणी असते, पण मालक ती बंद करू शकतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू शकतो, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कुणालाही न विचारता चालवू शकतो. तांत्रिक फरक म्हणाल तर एवढाच, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

कंपन्या असं का करतात? त्यामागे दुष्टपणा शोधायची गरज नाही, धंद्याचा हिशेब बघितला तरी पुरे. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष देताना सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. कमाई होते ती खेळांच्या विक्रीतल्या वाट्यातून आणि वर्गणीतून. आता विचार करा: एखाद्याने स्वस्तात कन्सोल घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि एकही खेळ विकत घेतला नाही, तर कंपनीच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा. १,७६० यंत्रं घेणारं हवाई दल हे असंच गिऱ्हाईक! म्हणून कन्सोलची स्वस्ताई आणि कन्सोलचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कुलूप आहे म्हणून तो स्वस्त आहे. अर्थात कुलपाचे फायदे वापरणाऱ्यालाही मिळतात. व्हायरसची भीती कमी, ऑनलाइन खेळात फसवणूक कमी, आणि डिस्क घातली की खेळ चालू. हेही मान्य केलं पाहिजे.

मग आजच्या कन्सोलवर काय जमतं? एक्सबॉक्सवर एज ब्राउझर आहे, कीबोर्ड-माउस जोडता येतो. ब्राउझरमध्ये लेख लिहिणं, ईमेल पाहणं, व्याख्यान ऐकणं जमून जातं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकायचं असेल, सी किंवा पायथनचा प्रोग्रॅम यंत्रावरच लिहून चालवायचा असेल, कॉलेजने सांगितलेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हवं असेल, तर वाट बंद. ब्राउझरमधून दूरच्या संगणकावर काम करता येतं, हे खरं. पण मग काम करणारा संगणक तो दूरचाच, घरातला कन्सोल नुसता पडदा झाला. एक्सबॉक्सला विकसकांसाठी वेगळी अवस्थाही आहे, तिथे स्वतःचे प्रोग्रॅम चालवता येतात. पण त्यासाठी कंपनीकडे नोंदणी करावी लागते, आणि तो प्रोग्रॅम लिहायला पीसी लागतोच. प्लेस्टेशन ४ वर २०२० साली 'ड्रीम्स' आलं, त्यात कन्सोलवरच स्वतःचे खेळ बनवता येतात आणि लोकांनी थक्क करणारे खेळ बनवलेही. पण तिथे बनवलेला खेळ बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. झाड लावलं आपण, पण ते कुंडीसकट दुसऱ्याच्या अंगणात.

उलट उदाहरणही बघा, म्हणजे मुद्दा पक्का होईल. वॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ मध्ये आला. हातात धरून खेळायचं यंत्र, दिसायला पूर्ण कन्सोल. पण आत लिनक्स आहे, एक बटण दाबून साधा डेस्कटॉप उघडतो, हवं ते सॉफ्टवेअर टाका, हवं तर विंडोज टाका. पडदा आणि कीबोर्ड जोडला की ते खरोखर पीसीची जागा घेतं. आकार कन्सोलचा असला तरी किल्ली मालकाच्या हातात आहे. दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय ४०० घ्या. कीबोर्डच्याच आत बसवलेला, टीव्हीला जोडायचा छोटा संगणक. ताकदीने तो कन्सोलच्या जवळपासही नाही, पण अकरावीतल्या मुलीला पहिला प्रोग्रॅम लिहायचा असेल तर ताकदवान कन्सोलपेक्षा तोच उपयोगी.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल. घरात संगणक आधीच असेल आणि खेळायला यंत्र हवं असेल, तर कन्सोल जरूर घ्या. त्या किमतीत तसे खेळ खेळवणारा पीसी सहसा मिळत नाही. पण यंत्र एकच घ्यायचं असेल आणि घरात शिकणारं मूल असेल, तर साधा, जुना, वापरलेला का असेना, संगणक घ्या. कन्सोलवर मूल दुसऱ्याने बनवलेलं वापरायला शिकेल. स्वतः बनवायला शिकायचं तर मोडता येईल, बदलता येईल असं यंत्र हाताशी लागतं. आणि पुढच्या वेळी कुठलंही यंत्र घेताना, मग तो कन्सोल असो, टॅबलेट असो की फोन, खोक्यावरचे आकडे वाचून झाले की दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: आज यात जे जे आहे, त्यातलं काय काय कंपनी उद्या काढून घेऊ शकते?

आता आपण प्रश्नांकडे वळू.