खेळणाऱ्या हातांना खेळ घडविता यावा

"पोरगं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतं," ही तक्रार आज देऊळगाव राजातल्या घरोघरी ऐकू येते. दिवसभर राबून आलेल्या आई-वडिलांचा राग समजण्यासारखा आहे. परंतु मोबाईल हिसकावून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. खेळणाऱ्या मुलाला खेळ तयार करायला शिकविता येईल काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकात सापडते.

१९८२ साली इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक निघाला. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याच जातीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला टेपरेकॉर्डरची कॅसेट! स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आजच्या मोबाईलने काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. पण यंत्र सुरू करताच 'बेसिक' ही संगणकाची भाषा समोर हजर असे. मुले खेळ खेळत आणि स्वतः लिहूनही पाहत. त्या काळी असे यंत्र कष्टकऱ्याच्या घरात येणे कठीणच होते. आज ती अडचण उरलेली नाही.

'फ्यूज' नावाचा मोफत प्रोग्राम साध्या, जुन्या संगणकालाही स्पेक्ट्रमचे रूप देतो. त्याला यूएसबीचा साधा गेमपॅड जोडावा. सुरुवातीला महागड्या गेमपॅडची गरज नाही, कारण जुन्या खेळांना चार दिशा आणि एक बटण एवढेच पुरते. फ्यूजमध्ये '१२८ के' यंत्र निवडावे, म्हणजे बेसिकचे शब्द अक्षरे जोडून टाइप करता येतात. मग 'पेरिफेरल्स'मध्ये 'केम्पस्टन जॉयस्टिक' सुरू करावी आणि 'जॉयस्टिक्स'मध्ये आपल्या गेमपॅडला तोच प्रकार लावावा.

आता मुलाला चारच ओळी इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगा:

१० सीएलएस
२० प्रिंट इन ३१
३० पॉज १०
४० गो टू १०

पहिली ओळ पडदा पुसते. दुसरी ३१ क्रमांकाच्या दारातून गेमपॅडची खबर आणून छापते. तिसरी क्षणभर थांबते. चौथी पुन्हा आरंभी नेते. 'रन' म्हटले की पडद्यावर ० दिसेल. उजवीकडे दाबताच १, डावीकडे २, खाली ४, वर ८ आणि बटण दाबल्यावर १६. उजवीकडे व वर एकदम दाबले तर ९.

हे आकडे असेच का? किराणा दुकानातली वजने आठवा. प्रत्येक वजन आधीच्या दुप्पट ठेवले, तर कोणतीही बेरीज एकाच प्रकारे होते. २० आला तर तो १६ अधिक ४, म्हणजे बटण आणि खाली. दुसरा अर्थच निघत नाही. संगणकाचे सारे द्विमान गणित हेच. फळ्यावर जे डोक्यावरून जाते, ते इथे अंगठ्याखाली कळते. पुढची पायरी म्हणजे १ आला तर ठिपका उजवीकडे सरकवायचा, २ आला तर डावीकडे. खेळाचा पाया इथेच पडतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. गेमपॅड आला की तो मुलांच्या हाती जातो आणि बहीण मागे उभी राहून पाहते. असे होऊ देऊ नका. तिचाही नंबर ठरवून लावा. एकाने ओळी लिहाव्यात, दुसऱ्याने तपासाव्यात, मग अदलाबदल करावी.

प्रत्येक घरी संगणक नसेल. पण मोहल्ल्यातल्या चार घरांनी वर्गणी काढून एक जुना संगणक आणि एक गेमपॅड घ्यावा, वाचनालयाच्या कोपऱ्यात ठेवावा. रोज एक तास पुरे. पालकांनो, "किती वेळ खेळलास?" असे विचारण्याऐवजी "आज काय लिहिलेस?" असे विचारून पाहा.