दिग्गीहून धारवाड

काळी नदीचा उगम ज्या डोंगरांत सांगतात, त्या डोंगरांच्या कुशीत दिग्गी हे गाव आहे. तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड. राज्य कर्नाटक, पण गोव्याची सीमा हाकेच्या अंतरावर. घरात कोकणी, देवळात मराठी आणि कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत येथील कुणबी माणसाचे आयुष्य जाते. जुन्या पिढीच्या तोंडी या तालुक्याचे नाव अजूनही सुपे असेच आहे. सुपे धरण १९८७ साली पूर्ण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले.

या गावातील एका गृहस्थांनी मध्यंतरी आम्हांस विचारले, "मुलगी बारावी झाली. समाजकार्याची पदवी घ्यायची म्हणते. आमच्या ऐपतीत बसेल असे कॉलेज कोठे आहे?" प्रश्न साधा वाटला, म्हणून उत्तरही पटकन देता येईल असे वाटले. चौकशी करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की आपण सारे या प्रश्नाला चुकीच्या टोकाकडून हात घालतो. आपण आधी कॉलेजचे नाव शोधतो आणि मग पैशांचा मेळ घालू पाहतो.

समाजकार्याला पदवी कशाला हवी, असे विचारणारे आपल्यात अजून पुष्कळ आहेत. महर्षी कर्व्यांनी कोणती पदवी घेतली होती, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना दिग्गीकडेच बोट दाखवावेसे वाटते. हा मुलूख जंगलाचा. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला. २०१५ पासून तो काळी व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला जातो. जंगलालगतच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी व भात पिकवणाऱ्याला आपला हक्क सांगायचा तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घ्यावा लागतो. तो कायदा अनुसूचित जमातींना एक रीत लावतो आणि इतर पारंपरिक वननिवासींना दुसरी. दुसऱ्या रीतीत १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. कर्नाटकात सिद्दी समाजाला २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. कुणबी तो मागत आहेत, पण अद्याप मिळालेला नाही. म्हणून शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांचे अर्ज निरनिराळे होतात. असा अर्ज कोणी लिहावा, पुरावा कोठे शोधावा, ग्रामसभेत तो कसा मांडावा, हे सांगणारे माणूस गावातलेच असले तर किती फरक पडेल, हे वेगळे सांगायला नको. त्या मुलीच्या मनात हेच होते.

आता कॉलेजांकडे वळू. हिंदुस्थानात या विषयाचे रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या विश्वस्तनिधीतून सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९६० साली मंगळुरास रोशनी निलय, १९६३ साली पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था अशी विद्यालये उभी राहिली. समाजकार्य म्हटले की कोणीही हीच नावे घेतो. नावे मोठी आहेत यात शंका नाही. परंतु जोयड्याच्या शेतकऱ्याला मुंबई-पुण्यात दोन वर्षे राहण्या-जेवण्याचा खर्चच झेपत नाही, मग शुल्काची गोष्ट दूरच. शिष्यवृत्ती आहे म्हणून निर्धास्त राहावे तर तेही धोक्याचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी संप केला, तो याच कारणासाठी. मागास व गरीब वर्गातील मुलांना मिळणारी शुल्कसवलत संस्थेने काढून घेतली होती. प्रवेश घेताना जी सवलत असते ती दुसऱ्या वर्षी असेलच असे नाही, एवढे त्या प्रकरणातून आई-बापांनी ध्यानात ठेवावे.

समाजकार्याच्या शिक्षणात आणखी एक खर्च आहे आणि तो माहितीपत्रकात सहसा छापलेला नसतो. हा विषय केवळ वर्गात बसून शिकता येत नाही. आठवड्यातून साधारण दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात किंवा न्यायालयाच्या सल्ला केंद्रात काम करावे लागते आणि त्याच्या नोंदी लिहून मार्गदर्शकाला दाखवाव्या लागतात. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यासदौरा, शेवटी महिनाभराचे सलग क्षेत्रकार्य आणि प्रबंध. बसभाडे, बाहेरचे जेवण, कागद, टंकलेखन यांचा हिशेब दोन वर्षांचा धरला, तर शासकीय विद्यापीठात तो कधी कधी शुल्काच्याही पुढे जातो. म्हणून "फी किती?" एवढे विचारून थांबू नये. क्षेत्रकार्याचे ठिकाण किती दूर असते, तेथे जाण्याचा खर्च कोण करतो आणि वसतिगृह मिळण्याची शक्यता कितपत, हेही विचारावे. मुलीच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नांगर आम्ही घ्यायचा आणि बैलाचे वेगळे!" शेतकऱ्याच्या तोंडून इतका नेमका शेरा क्वचितच ऐकायला मिळतो.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एम. एस. डब्ल्यू. साठी आधी बी. एस. डब्ल्यू. झालेच पाहिजे असे नाही. बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर या अभ्यासक्रमास बसू शकतो. तेव्हा बारावी होताच मुलीला दूर पाठवण्यापेक्षा तिने घराजवळ, जोयड्यास किंवा दांडेलीस, समाजशास्त्र घेऊन बी. ए. करावे आणि वसतिगृहाचा खर्च फक्त शेवटच्या दोन वर्षांपुरता उचलावा, हा मार्ग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. उत्तर कन्नड जिल्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तेथे समाजकार्याचा विभाग आहे आणि दांडेलीहून धारवाड जेमतेम ५५ किलोमीटर. जागांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत, कारण काही जागा नेहमीच्या शुल्काच्या असतात व काही वाढीव शुल्काच्या. गुणवत्ता यादीत पहिल्या प्रकारात नाव लागले तरच हा हिशेब जुळतो. म्हणून बी. ए. चे गुण म्हणजे येथे रोख पैसेच समजावेत.

कर्नाटकात राहण्याचे आणखी फायदे आहेत. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रियांना परिवहन मंडळाच्या साध्या बसने राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास करता येतो. क्षेत्रकार्याचा निम्मा खर्च बसभाड्याचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. हीच मुलगी पणजीस वा कोल्हापुरास गेली तर ते भाडे पदरचे भरावे लागेल. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास विद्यासिरी योजनेतून दरमहा १५०० रुपये, वर्षातून दहा महिने, देण्याची व्यवस्था २०१३ पासून करण्यात आली. जातीचे व उत्पन्नाचे दाखले मात्र प्रवेशाच्या आधी हाती हवेत. ते काढायला जोयड्याच्या कचेरीत किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने घातल्या त्यालाच ठाऊक.

महाराष्ट्राचे काय, असे वाचक विचारतीलच. सीमावादातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने काही अभ्यासक्रमांत प्रवेशाची वेगळी तरतूद ठेवली आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, हे प्रत्येकाने मूळ यादी पाहूनच ठरवावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. शिवाय प्रवेश मिळणे वेगळे आणि शुल्क माफ होणे वेगळे. मराठीतून शिकण्याची ओढ आम्ही समजू शकतो; तथापि ज्या मुलीला जोयड्याच्या कचेरीत गावाचे म्हणणे मांडायचे आहे, तिचे कन्नड पक्के असणे हा तोटा नव्हे.

घर सोडणे मुळीच शक्य नसेल त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात समाजकार्याची पदवी व पदव्युत्तर पदवी दोन्ही आहेत, भाषा इंग्रजी व हिंदी. पोस्टाने पदवी म्हणजे क्षेत्रकार्य नाही, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ते तेथेही सक्तीचेच आहे. या दूरशिक्षणाच्या नावावर फसवणूकही फार होते. याच मुलीच्या चुलतभावाने एका संस्थेत, शहरातील दलालामार्फत, दोन वर्षांचे पैसे भरले. गुणपत्रिका हाती आली, सोनेरी शिक्का होता, पण नोकरीच्या अर्जाबरोबर ती जोडली तेव्हा विद्यापीठाला दूरशिक्षणाची मान्यताच नव्हती असे कळले. बापाने त्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्रत्येक सत्रासाठी प्रसिद्ध करतो. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीच्या यादीत, संस्थेच्याच नव्हे तर त्या अभ्यासक्रमाच्याही नावापुढे मान्यता आहे का, हे पाहावे. एका राज्याच्या विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात असे अभ्यासकेंद्र चालवता येत नाही, एवढा नियम त्या मुलाला माहीत असता तरी म्हशी गोठ्यात राहिल्या असत्या.

त्या मुलीने बी. ए. ला नाव घातले आहे. विषय समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कन्नड. सुट्टीत ती वनहक्क समितीच्या बैठकीला आजोबांबरोबर जाते आणि त्यांचे सांगणे वहीत उतरवून घेते. त्यात कोणत्या साली कोणती जमीन कोणी नांगरली, याची नोंद असते. धारवाडच्या अर्जाला अजून तीन वर्षे आहेत.