डिस्क ‘झाले’ म्हणते तेव्हा

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे पूर्ण करते. डेटाबेसमध्ये व्यवहार एकामागून एक नोंदवायचे आणि प्रत्येक नोंद डिस्कवर उमटल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, असे ठरवले तर एका फेऱ्यात साधारण एकच नोंद होते. म्हणजे सेकंदाला जेमतेम १२०. अशा डिस्कवरच्या चाचणीत हजारोंचा आकडा आला, तर आनंदाआधी शंका यायला हवी. बहुधा डिस्कने माहिती स्वतःच्या छोट्याशा कॅशमध्ये ठेवून ‘लिहून झाले’ असे कळवलेले असते. त्याच क्षणी वीज गेली, तर ‘पैसे जमा झाले’ असा संदेश ग्राहकाला मिळालेला, पण खात्यात नोंदच नाही! सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींमध्ये म्हणूनच कपॅसिटर बसवतात. वीज गेल्यावर कॅशमधले लिहून काढण्यापुरती ऊर्जा त्यांत साठवलेली असते.

वाचनाच्या चाचणीत फसगत वेगळी. प्रोसेसरला अगदी जवळच्या कॅशमधून माहिती मिळायला सुमारे एक नॅनोसेकंद लागतो, मुख्य मेमरीतून शंभरेक, तर हार्ड डिस्कवरून दहाएक मिलिसेकंद. नॅनोसेकंदाला सेकंद मानले, तर डिस्कसाठी तीन-चार महिने थांबावे लागेल. चाचणीचा डेटा लहान असला, की तो सगळा मेमरीत मावतो आणि डिस्कपर्यंत जायची वेळच येत नाही. अशा वेळी महागडी डिस्क लावूनही आकडा हलत नाही. मोठ्या कॅशचा प्रोसेसर मात्र तो वाढवू शकतो.