विषाची परीक्षा? कोरियात घेतात!

कोरियन सीरियल्सचं वेड असेल, तर हा सीन तुम्ही नक्की पाहिलाय. राजाचं फर्मान येतं, अंगणात चटई अंथरली जाते आणि कालपर्यंत दरबारात मिरवणारी व्यक्ती काळ्याशार काढ्याचा वाडगा तोंडाला लावते. हा काढा म्हणजे 'सायाक', जोसोन राजवटीतला मृत्युदंड. त्यात बुजा नावाचं मूळ असायचं, असं मानलं जातं.

आणि हेच बुजा कोरियन वैद्य आजही औषध म्हणून देतात! गार पडणारे हातपाय, जुनी सांधेदुखी, मंदावलेलं पचन अशा तक्रारींवर. एसीत बसून कायम गारठलेली माझी एक मैत्रीण ऑफिसच्या कामाला सोलला निघाली होती. ''बुजाची पावडर आणू का गं?'' असा तिचा मेसेज आला आणि मी कामाला लागले.

जीभ झिणझिणली? सावधान!

बुजा आणि आपला बचनाग एकाच घराण्यातले. दोघांतलं विष म्हणजे अकोनिटिन. जेमतेम 2 मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतं. नसा आणि हृदयाच्या पेशींमधली सोडियमची दारं ते उघडीच ठेवतं. आधी ओठ-जीभ झिणझिणतात, बधिर होतात. मग उलट्या, आणि शेवटी हृदयाचा ताल बिघडतो. यावर खास असा उतारा नाही.

फंडा उकळण्याचा

मग हे औषध होतं कसं? पाणी, उष्णता आणि वेळ! मूळ मिठाच्या पाण्यात मुरवतात, वाफवतात, काप करून वाळवतात. काढा करतानाही ते भरपूर वेळ उकळतात. त्यात अकोनिटिनचे रेणू तुटतात आणि विषाची धार पुष्कळ कमी होते. जोडीला सुंठ आणि ज्येष्ठमध. 'सायॉकथांग' या जुन्या काढ्यात हे त्रिकूटच आहे. डोस छोटा सुरू करायचा, पेशंटकडे बघत वाढवायचा. हे ठरवतो 'हानुइसा', म्हणजे सहा वर्षं शिकून लायसन्स मिळवलेला वैद्य. हो जुन यांच्या 1613 साली छापलेल्या 'दोंगुई बोगाम' या ग्रंथातही बुजा आहे.

आपल्याला हे नवीन नाही. आयुर्वेदात बचनाग गोमूत्रात शुद्ध करतात, मगच तो औषधात जातो. तापाला आजी देते ती त्रिभुवनकीर्ती आठवतेय? तिच्यात बचनाग असतो! म्हणूनच आपल्या कायद्यातल्या 'शेड्यूल ई-1' या विषारी द्रव्यांच्या यादीत तो आहे आणि अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या' ही सूचना लागते.

गोची कुठे होते? शॉर्टकटमध्ये. कोरियात याच घराण्यातलं 'छोओ' नावाचं रानटी मूळ घरीच उकळून किंवा दारूत मुरवून पिणाऱ्यांना विषबाधा झालीय. दारूत हे विष छान उतरतं. मैत्रिणीला माझं उत्तर एका शब्दाचं होतं: नको!

लक्षात ठेवा

* कच्चं मूळ, सुटी पावडर, ऑनलाइन पुडी: तिन्हींना टाटा.
* गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर नावही काढू नका.
* चालू गोळ्यांची यादी वैद्यांना आधीच दाखवा.
* जीभ बधिर झाली, छातीत धडधडलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. पुडी सोबत न्या.

आणि हातपाय सतत गार पडत असतील, तर आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. या टेस्ट्सना विषाची गरज नाही, बॉस!