सोमल काढणाऱ्या गाळणीची परीक्षा

गढूळ पाणी डोळ्यांस दिसतें, खारट पाणी जिभेस कळतें. परंतु सोमलास ना रंग, ना वास, ना चव. गडचिरोलीस लागून असलेल्या त्या वेळच्या राजनांदगांव जिल्ह्यांत, कौडीकसा परिसराच्या पाण्यांतील सोमल १९९९ सालीं जगापुढें आला. असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें असतां कातडीवर डाग पडतात. पुढें कर्करोगही संभवतो.

पुष्कळ श्रोत्यांस वाटेल, पाणी उकळलें कीं झालें. तसें नाहीं, पाणी आटून सोमलाचें प्रमाण उलट वाढतें. तो लोखंडाच्या गंजास चिकटतो, हाच बहुतेक गाळण्यांचा आधार होय. मात्र त्याचा एक प्रकार सहजासहजीं चिकटत नाहीं; त्यासाठीं आधीं क्लोरीन घालावें लागतें.

पहिल्या दिवसाचें शुद्ध पाणी हा गाळणीचा पुरावा नव्हे. फॉस्फेट व सिलिका गंजावरील जागा अडवितात. म्हणून परीक्षा त्याच गांवच्या पाण्यावर, महिनोन्महिने व्हावी. आंत जाणारें व बाहेर येणारें, दोन्ही पाणी तपासावें. लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा गांठण्यापूर्वींच भरण बदलावें, व जुनें भरण विहिरीजवळ टाकूं नये. थकलेली गाळणीही पाणी नितळच देते. तपासणी थांबली कीं गांव पुन्हा तेंच विष पिऊं लागतें.