ताप उतरला, कसर राहिली

31 मे 2009. पॅरिसच्या लाल मातीवर स्वीडनचा टेनिसपटू रॉबिन सोडरलिंगने राफाएल नदालला हरवलं. रोलाँ गॅरोसवर नदालचा तो पहिलाच पराभव. सोडरलिंग पुढे जागतिक क्रमवारीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. जुलै 2011मध्ये बोस्टाडच्या अंतिम सामन्यात त्याने डेव्हिड फेररला 6-2, 6-2 असं गुंडाळलं, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. तो त्याचा शेवटचा व्यावसायिक सामना ठरला. त्याला ग्लँड्युलर फीव्हर झाला होता. हा ताप आणणारा एपस्टीन-बार विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणीच येऊन राहतो आणि पत्ताही लागत नाही. सोडरलिंग मात्र पुन्हा उभा राहिलाच नाही. डिसेंबर 2015मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अति सराव आणि मनावरचा ताण यांचाही त्यात वाटा होता, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं.

तापानंतर दम लागतो, पाय भरून येतात, यात नवल नाही. आठवडाभर अंथरुणात काढला की रक्तातला द्रवभाग घटतो आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. ही घट सराव वाढवत नेला की भरून येते. प्रशिक्षक ‘थोडं रेट, सुटेल’ म्हणतात ते याच भरवशावर. पण काहींच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. व्यायामाच्या वेळी बरं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं मोडून पडतं की जिना चढणंही जड जातं. इथे रेटणं म्हणजे आजारात भर घालणं.

हे मनाचे खेळ नव्हेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडचे 25 रुग्ण आणि 21 निरोगी माणसं यांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. त्याच्या आठवडाभर आधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूपेशींमधली ऊर्जा तयार करण्याची क्षमता व्यायामानंतर खालावली होती आणि स्नायूंना इजा झाल्याच्या खुणाही दिसल्या. 2024च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, त्यातले रुग्ण अव्वल खेळाडूही नव्हते. तरी ‘आळस करतोस’ असं खेळाडूला सुनावण्याआधी तो प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावा.

हृदयाचा प्रश्न वेगळा. अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ विद्यापीठांनी कोविड होऊन गेलेल्या 1597 खेळाडूंच्या हृदयाची एमआरआय तपासणी केली, तेव्हा 37 जणांमध्ये हृदयस्नायूचा दाह आढळला. प्रमाण कमी, पण त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न डासांबरोबर येतो. बॅडमिंटनपटू एच. एस. प्रणॉय पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर चिकनगुनियाने आजारी पडला. तशाच दुखऱ्या अंगाने तो उतरला, बाद फेरीत लक्ष्य सेनकडून 21-12, 21-6 असा हरला आणि त्याच महिन्यात त्याने खेळातून विश्रांती घेतली. चिकनगुनियाचा ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन् महिने धरलेले राहतात.

परतणारेही आहेत. सायकलपटू मार्क कॅव्हेंडिशला एपस्टीन-बारने 2017 आणि 2018 अशी दोन वर्षं ओळीने गाठलं. त्याची कारकीर्द संपली असंच सगळे धरून चालले होते. 2021च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने चार टप्पे जिंकले आणि 2024मध्ये 35वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा विक्रम मोडला.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. म्हणजे तिच्या सरावाचे महिने आणि पावसानंतर डेंग्यू-चिकनगुनियाने डोकं वर काढण्याचे महिने एकच. चार महिन्यांचं वेळापत्रक चुकेल म्हणून ताप अंगावर काढणारे धावपटू मग दर मोसमात दिसतात. पॅरासिटामॉल घेऊन वीस किलोमीटर पळण्यात कसलीही मर्दुमकी नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरत असतील तर त्या दिवशी बूट घालू नका. आधी चाला, मग हळू पळा आणि दुसऱ्या दिवशी अंग काय म्हणतं ते बघूनच अंतर वाढवा. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर शर्यतीचा विचार सोडून आधी डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या.