दुकान आपले, अमानत गिऱ्हाइकाची

हिरण्यकेशीच्या काठचे गडहिंग्लज हे बाजाराचे गाव. मिरची आणि गूळ यांचा व्यापार इथे जुना, आणि आजरा, चंदगडकडची माणसेही खरेदीला इथेच येतात. या बाजारात आपल्या समाजाची दुकाने मोठी नाहीत. बागवानांची फळे, तांबोळ्यांची पाने, कुणाचे टेलरिंग, कुणाचे मोबाइल दुरुस्तीचे दहा बाय दहाचे खोपटेवजा दुकान. अशा दुकानाला पहारेकरी परवडत नाही. आणि चोरी झालीच, तर नुकसान गल्ल्यातल्या रकमेएवढेच राहत नाही.

मोबाइल दुरुस्तीचेच घ्या. ड्रॉवरमधले पंधरा-वीस फोन दुकानदाराचे नसतात. टेलरच्या कपाटात लग्नघरचे ब्लाउजपीस आणि शेरवानीचे कापड असते. घड्याळवाल्याकडे कुणाच्या वडिलांचे घड्याळ असते. ही सगळी अमानत आहे. चोराने स्वतःचा माल नेला तर माणूस सब्र करतो; गिऱ्हाइकाचा नेला तर त्याला तोंड दाखवायची पंचाईत होते. म्हणून दुकानाची राखण हा केवळ खर्चाचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही.

सुरक्षा म्हटले की सगळे आधी कॅमेऱ्याचे नाव घेतात. आमचे मत वेगळे आहे. आधी शटर पाहा. वर्तमानपत्रात 'शटर उचकटून चोरी' असे आपण वाचतो, त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. दोन्ही बाजूंची कुलुपे शाबूत राहतात आणि मधला पत्रा वाकवून एक सडपातळ माणूस आत शिरतो. यावर उपाय म्हणजे मधोमध जमिनीत बसणारे सेंटर लॉक, आणि जमत असेल तर शटरच्या आत सरकते लोखंडी ग्रिल. कुलपापेक्षा कोयंडा कच्चा असेल तर महागडे कुलूप कशाला? मागची खिडकी, पोटमाळ्याचा पत्रा आणि शेजारच्या गाळ्याची सामाईक भिंतही पाहून घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेतला, दुकान थाटले आणि आतून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले. दुकानाचा पत्रा बँकेइतका मजबूत नसतो, तेव्हा शेजारचा गाळा कोणी घेतला, त्यात नेमके काय चालते, याची ओळख असलेली बरी.

शटरला चुंबकाचा सेन्सर आणि हूटर बसवता येतो. रात्री शटर हलले की भोंगा वाजतो, आणि सिमकार्डवाले यंत्र असेल तर मालकाला फोनही येतो. त्या सिमचा रिचार्ज संपला की यंत्र मुके होते. घरातल्या एखाद्या मुलाला ही तारीख सांभाळायला सांगावी. आणि शटरवर एक दिवा रात्रभर जळू द्या. अंधारात भोंगा वाजला तरी पाहणाऱ्याला काय दिसणार?

आपल्या दुकानांची एक अडचण इतरांना नसते. आपली वेळ सगळ्यांना ठाऊक असते. जुम्याला दुपारी दुकान अर्धे ओढून पोराच्या हवाली होते. रमजानमध्ये इफ्तारला आणि तरावीहला गल्ली ओस पडते, आणि ईदच्या आधीचे दहा दिवस गर्दी अशी की काउंटरवरून काय गेले ते रात्री हिशेबालाच कळते. या दिवसांत गल्ल्यात रोकड साठू देऊ नये, दिवसातून दोनदा ती घरी किंवा बँकेत जावी. शेजारचा दुकानदार नमाजी नसला, मुसलमान नसला, तर उलट चांगले. त्याने आपल्या जुम्याला नजर ठेवावी, आपण त्याच्या लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत ठेवावी. अशी देवघेव बाजारात पूर्वीपासून आहे आणि कुठल्याही यंत्रापेक्षा ती भरवशाची आहे.

आता कॅमेरा. एक दाराकडे तोंड करून, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीपासून फार वर नको. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या आणि केस दिसतात. दुसरा गल्ल्यावर. चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, बहुतेक दुकानांत काउंटरखालीच असतो. सराईत चोर जाताना तोच उचलून नेतो आणि सगळा खर्च वाया जातो. तो पोटमाळ्यावर, कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवा, हवा खेळायला भोके ठेवून. वीज गेल्यावर चालण्यासाठी बॅटरी हवीच, कारण मेन स्विच पाडणे चोरालाही येते.

चित्रण किती दिवस राहते, हे विकणारा क्वचितच सांगतो. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहितो असे धरले, तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी भरतात. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने पुसून नवे लिहू लागते. पंधरा दिवसांनी माल मोजणाऱ्या दुकानदाराला त्या डिस्कमध्ये काहीच सापडणार नाही. मोठी डिस्क घ्या किंवा माल आठवड्याला मोजा.

पासवर्डबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण यात आपल्या घरच्या बायकांचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीला आलेल्या स्त्रियांचे कॅमेऱ्यातले चित्रण बाहेर फुटले आणि विकले गेल्याचे उघड झाले. बसवणाऱ्याने ठेवलेला सोपा पासवर्ड बदललाच जात नाही, ही अशा प्रकारांची नेहमीची वाट आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर याच वाटेने ताब्यात घेतले होते. बांगड्यांच्या, कापडाच्या दुकानात बायका नकाब वर करून माल पाहतात, लेकराला पाजतात. कॅमेरा त्या बाकाकडे नको, ट्रायल रूमच्या आसपास तर मुळीच नको, आणि समोरच्या घराच्या खिडकीवरही नको. 'येथे कॅमेरा आहे' अशी पाटी लावावी. ती चोराला धाक आणि गिऱ्हाइकाला सूचना, दोन्ही असते.

चित्रण कोर्टात टिकते का, हा प्रश्न चोरी झाल्यावर सुचतो. याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने दिले. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, यावर कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रणाचा. त्या चित्रणासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल देताना सांगितले की मूळ यंत्र हजर न करता प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचा 'हॅश' म्हणजे तिची आकड्या-अक्षरांची ओळखही त्यात लिहावी लागते. दुकानदाराने यासाठी करायचे ते एवढेच की डीव्हीआरचे घड्याळ बरोबर ठेवावे, मूळ चित्रण कापू नये, आणि पोलिसांना प्रत देताना हे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

त्या चित्रणाचा तुकडा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'हाच चोर' म्हणून टाकू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकले. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांचे ते दिवस होते, आणि मेलेले पाचही जण निरपराध होते. नुसत्या संशयावर जमाव काय करतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहे, आणि लोकांवर पाळत ठेवण्याची मनाईही त्याच सूरहमध्ये आहे.

सकाळी शटर वाकलेले दिसले तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका, ११२ ला फोन करा. संकेश्वर आणि कर्नाटकची हद्द इथून जवळ, त्यामुळे चोर काही वेळात दुसऱ्या राज्यात असतो. हद्द आमची नाही म्हणून कुठल्याही ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे. विमा घेतला असेल तर पॉलिसी पुन्हा वाचा. लहान उद्योगांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी धरली जाते. साध्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि त्यातही शटर किंवा कुलूप फोडल्याची खूण दिसावी लागते.

आणि चोर घरचाच निघाला तर? गल्ल्यातून दोन-तीनशे उचलणारे कामाचे पोर कॅमेऱ्यात दिसते, तेव्हा बाप दारात येऊन हात जोडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि रक्कम किंवा वस्तू परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. पोर अठरा वर्षांखालचे असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तक्रार द्यायची की बापाला आत बोलावून चहा द्यायचा, हे शेवटी दुकानदाराने ठरवायचे. ते चित्रण मात्र त्या पोराच्या मित्रांना दाखवू नये.